स्टोक पार्क : ग्रेच्या थडग्यापलीकडचा गोल्फ कोर्स

स्लाऊचा पाहुणा
१८ ऑक्टोबर २०२१, रात्री १०.४०

स्लाऊला राहायला येऊन तीन वर्षं झाली. कुणाला हे सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो, मग सावरून म्हणतो, "हीथ्रो जवळ पडत असेल, नाही?" गाव मुद्दाम बघायला यावं असं खरंच नाही. पण उत्तरेला तीनेक मैलांवर स्टोक पोजेस नावाचं खेडं आहे, तिथे काल जाऊन आलो. निमित्त आईचं. तिला बी.ए.ला टॉमस ग्रेची 'एलेजी' होती. खेड्यातल्या चर्चच्या आवारात पुरलेल्या, नाव नसलेल्या माणसांवरची १७५१ साली छापलेली ती लांबलचक कविता. ते आवार म्हणजे हेच, असं मानतात, आणि ग्रे स्वतःही तिथेच आहे. साताऱ्याहून चार महिने टुमणं चालू होतं, "एवढ्या जवळ राहतोस आणि अजून गेला नाहीस?"

चर्चच्या पूर्वेच्या भिंतीबाहेर विटांचं साधं थडगं आहे. व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणे, कॅमेरा खाली घे, अक्षरं दिसू देत. वरच्या दगडावर ग्रेच्या मावशीचं नाव, आईचं नाव. त्याचं नाहीच! ते समोर चर्चच्या भिंतीवरच्या पाटीत आहे, तोही याच थडग्यात आहे म्हणून. आईसाठीचा मजकूर त्यानंच लिहिलेला. अर्थ साधारण असा: अनेक लेकरांची काळजीवाहू, मायाळू आई, त्यांतलं एकच तिच्यामागे उरण्याइतकं दुर्दैवी निघालं. बारा मुलांतला हा एकटा जगला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, कवितेतलं ते यूचं झाड दाखव."

शेजारच्या कुरणात ग्रेचं मोठं स्मारक आहे, चौथऱ्यावर दगडी पेटी ठेवल्यासारखं. १७९९ साली जॉन पेन नावाच्या जमीनदारानं उभारलं. तिथून पलीकडे नजर टाकली आणि मी थडगं-बिडगं विसरलो. हिरवंगार, हळूहळू उतरत जाणारं गवत, मध्ये एकेकटे उभे जुने वृक्ष, आणि त्यांच्या मागे घुमटाचा पांढरा महाल. हेच स्टोक पार्क. १९०८ साली इथे गोल्फ क्लब निघाला, आज २७ होल आहेत. १९६५च्या 'गोल्डफिंगर'मध्ये बॉन्ड आणि गोल्डफिंगर ज्या मैदानावर खेळतात ते हेच. पुस्तकातही तो सामना इथेच होतो. आणि या एप्रिलमध्ये रिलायन्सनं ही सगळी मिळकत ५ कोटी ७० लाख पौंडांना विकत घेतली, ते तर तुम्ही वाचलंच असेल. सध्या नूतनीकरणासाठी सभासदांना बंद आहे, त्यामुळे खेळताना कुणी दिसलं नाही.

निघताना धाकटीला कुरणाच्या कडेला झुडपात एक गोल्फचा चेंडू सापडला. चिखलानं माखलेला. तो आता आमच्या खिडकीत आहे.

इथे कुणी आत जाऊन खेळलंय का? आणि गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. लोक 'पार्कलँड कोर्स' म्हणतात ते नेमकं काय?

टिळकरोड
१९ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

छान लिहिलंय. काकूंना नमस्कार सांगा. आम्हालाही एफ.वाय.ला होती ती कविता. सरांनी तीन तास नुसती पहिल्या ओळीतली संध्याकाळची घंटाच वाजवली होती.

आप्पा डोंबिवलीकर
१९ ऑक्टोबर, सकाळी ९.०२

दोन चुका काढतो, राग मानू नका. एक, सिनेमा १९६४चा. दोन, पुस्तकातला सामना इथला नाही. तिथे क्लबचं नाव रॉयल सेंट मार्क्स आहे, आणि ते केंटमधल्या सँडविचच्या रॉयल सेंट जॉर्जेसवरून बेतलेलं. ते समुद्रकाठी आहे. सिनेमावाल्यांनी सोयीसाठी स्टुडिओच्या जवळचं धरलं. पाइनवुड तिथून हाकेच्या अंतरावर.

बाकी माझ्याकडे रिलायन्सचे अकरा शेअर आहेत. तेव्हा त्या मैदानातली गवताची चार पाती कायद्यानं माझी लागतात. आत गेलात तर त्यांच्यावर पाय देऊ नका.

पार थ्री
१९ ऑक्टोबर, दुपारी १.३०

आप्पांनी नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मी पुण्यात वीस वर्षं खेळतोय (वाईट खेळतो), आणि २०१६ साली एका कंपनीच्या पाहुण्यांच्या गोतावळ्यातून स्टोक पार्कला एक फेरी खेळायला मिळाली होती.

सेंट जॉर्जेस म्हणजे लिंक्स. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची टेकाडं, जिथे काही पिकत नाही. झाड औषधालाही नाही, नुसता वारा. पाऊस पडला की वाळू पिऊन टाकते, जमीन टणक राहते, चेंडू पडल्यावर लांब धावतो. गोल्फ मुळात तिथला. मग रेल्वे आली, लंडनच्या वकील-दलालांना शनिवारी खेळायचं होतं, आणि रोज समुद्रावर जाणं परवडेना. म्हणून खेळ आत सरकला. आतल्या भागात मोकळी, सुंदर, सलग जमीन कुठे? जहागीरदारांच्या वाड्यांभोवती. ती उपवनं, म्हणजे पार्क, आधीच कुणीतरी रचून ठेवलेली होती. ओक, बीच, सीडर, तळं, मऊ दाट गवत. त्यात होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचे टप्पे, बसवले की पार्कलँड कोर्स. चेंडू पडला की लाडावलेल्या जावयासारखा जागीच बसतो.

पण नुसतं बसवून भागत नाही. सुरुवातीचे आतले कोर्स भयानक होते म्हणतात. फेअरवेच्या, म्हणजे होलकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, आडवे सरळसोट मातीचे बांध घालायचे आणि चेंडू त्यांवरून उडवायचा. घोड्यांच्या अडथळ्याच्या शर्यतीसारखं. ते मोडून काढणाऱ्यांत अग्रणी हॅरी कोल्ट. केंब्रिजला कायदा शिकलेला, १९०१ साली सनिंगडेल क्लबचा पहिला सेक्रेटरी झालेला. स्वतः धंदेवाईक खेळाडू नव्हता. स्टोकचा कोर्स त्याचा. त्याची रीत अशी की आडवा बांध घालायचाच नाही. अडथळा एका बाजूला, तिरका. धाडस करून त्याच्या जवळून माराल तर पुढचा फटका सोपा. भिऊन लांबून गेलात तर कुणी अडवणार नाही, पण पुढे हिशोब चुकता करावा लागेल. सगळं काही खेळणाऱ्याच्या मनावर.

सातवा होल बघा. पार थ्री आहे, म्हणजे एका फटक्यात ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जायचं. समोर ओढा, त्यामागे ग्रीन, पण ग्रीन सरळ नाही, तिरकं पसरलेलं. त्यामुळे डावीकडे नेम धरायचा की उजवीकडे यावर अंतर बदलतं, अंतरावर काठी बदलते, आणि तेवढ्यात वारा बदलतो. मी तिथे तीन चेंडू पाण्यात घातले. अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सचा जगप्रसिद्ध बारावा होल यावरून सुचला असं सांगतात. ऑगस्टा रचणारा अॅलिस्टर मॅकेन्झी काही वर्षं कोल्टचा भागीदार होता, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे. हा मॅकेन्झी मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात होता. बोअर लोक खंदक असे लपवत की दिसतच नसत, ते बघून त्यानं पुढे गोल्फमध्ये आकाराची लपवाछपवी आणली. ऑगस्टावरची पहिली मास्टर्स स्पर्धा १९३४च्या मार्चमध्ये झाली आणि हा जानेवारीतच गेला.

सायली तळेगाव
१९ ऑक्टोबर, रात्री ८.५०

'लाडावलेल्या जावयासारखा' 😄

गोल्फ कळत नाही, पण एक विचारते. हे उपवन 'आधीच कुणीतरी रचून ठेवलेलं' होतं म्हणजे? मी तर समजत होते इंग्लंड मुळातच असं दिसतं. कॅलेंडरवर तरी तसंच असतं.

गवत्या
२० ऑक्टोबर, पहाटे ४.४५

सायलीताई, कॅलेंडरवरचं इंग्लंड हातानं केलेलं आहे. मी राहुरीचा, बी.एस्सी. अॅग्री. गेली नऊ वर्षं सरेमधल्या एका जुन्या पार्कलँड क्लबवर ग्रीनकीपर आहे. इतक्या पहाटे उत्तर देतोय कारण अर्ध्या तासात निघायचंय.

स्टोकचं उपवन अठराव्या शतकात लान्सलॉट ब्राउननं केलं. गिऱ्हाइकाला हा म्हणायचा, "तुमच्या जागेत फार कॅपेबिलिटी आहे," म्हणून त्याला 'कॅपेबिलिटी' ब्राउनच म्हणू लागले. जुन्या सरळ रांगा, चौकोनी वाफे उखडून टाकायचे, ओढा अडवून नदीसारखं वळणारं तळं करायचं, झाडांचे पुंजके असे लावायचे की जणू आपोआप उगवलेत. त्याच्यानंतर तिथे हंफ्री रेप्टननं काम केलं. रेप्टनची युक्ती मला फार आवडते. तो गिऱ्हाइकासाठी लाल चामड्यात बांधलेली एक वही करायचा. चित्रात आज जागा कशी दिसते ते, आणि त्यावर कागदाची एक झडप. ती उचलली की खाली उद्या कशी दिसेल ते. आज बिल्डर थ्री-डी फिल्म दाखवतो, तेच.

आणि त्या काळच्या अशा वाड्यांमधून कुंपण का दिसत नाही? त्याला हा-हा म्हणतात. खरंच तेच नाव आहे. चर खणायचा. वाड्याच्या बाजूला उभी भिंत, बाहेरच्या बाजूला उतार. वाड्यातून बघणाऱ्याला गवत सलग दिसतं, पण गाई-मेंढ्या आत येऊ शकत नाहीत. आमच्या क्लबवर एक आहे, दर वर्षी कुणीतरी पाहुणा त्यात पडतो.

निघतो. उरलेलं रात्री.

गवत्या
२० ऑक्टोबर, रात्री ९.२०

पार थ्रींनी कोल्टचं सांगितलं. आता सकाळचं सांगतो, ते कुणी सांगत नाही.

ऑक्टोबर म्हणजे आमचा सगळ्यात वाईट महिना. पार्कलँडची शोभा झाडं, आणि आमचा शत्रूही झाडंच. आज पहाटे पावणेसहाला अंधारात डोक्याला दिवा लावून ओकची पानं फुंकली. दोन तासांत पुन्हा तेवढीच. सावलीतल्या ग्रीनवर ऊन नाही, वारा नाही, दव वाळत नाही आणि बुरशी येते. म्हणून आधी दव झाडायचं. त्याला लांब, लवचीक काठी असते, फायबरची. ग्रीनवर उभं राहून ती अर्धवर्तुळात फिरवायची, कोयत्यासारखी नाही, वल्ह्यासारखी. मागे गडद हिरवा पट्टा उमटत जातो. सगळ्या ग्रीनवर असे पट्टे पडलेले आणि अजून एकही खेळाडू नाही, ती दहा मिनिटं माझी.

उन्हाळ्यात ग्रीन तीन-चार मिलिमीटरला कापतो, आता वर नेलंय. होलची जागाही बदलायची. साच्यानं नवीन भोक पाडायचं, व्यास सव्वाचार इंच, आणि निघालेला मातीचा गट्टू जुन्या भोकात असा बसवायचा की उद्या कुणाला दिसता कामा नये. मग गांडुळं. वाळूच्या कोर्सना हा ताप नाही. आमच्या मातीत पाऊस पडला की सकाळी फेअरवेभर विष्ठेच्या ढेकळ्या. वर यंत्र फिरलं की त्या चिखलाच्या पोळ्या होतात. गांडुळांवरचं औषध काही वर्षांपूर्वी बंद झालं, आता आपण झाडूवाले. राहुरीला चार वर्षं शिकलो की गांडूळ शेतकऱ्याचा मित्र. इथे साहेब रोज सकाळी त्याला शिव्या घालतात.

आमच्या शेडमध्ये एक जुना फोटो आहे. कापणीयंत्र ओढणारा घोडा, आणि त्याच्या चारही खुरांना चामड्याचे बूट. गवतावर खुरांचे ठसे पडू नयेत म्हणून. घोड्याचा लगाम धरलेल्या माणसाचं नाव खाली लिहिलेलं नाही. घोड्याचं आहे.

टिळकरोड
२० ऑक्टोबर, रात्री ९.४१

शेवटची ओळ वाचून काकूंची कविता आठवली.

आप्पा डोंबिवलीकर
२१ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

गवत्याभाऊ, तुम्ही लिहिता फर्मास. पण मला एक कळत नाही. तीनशे एकर! चौघं चौघं मिळून एक चेंडू शोधायला! आमच्या सोसायटीत अडतीस मुलं एका पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात आणि चेंडू गुप्त्यांच्या गाडीला लागला की सामना अनिर्णित. एवढ्या जागेत दुसरं काही होऊ नये?

गवत्या
२१ ऑक्टोबर, रात्री १०.०५

आप्पा, बरोबर विचारताय. मला रोज पगार मिळतो म्हणून मी एका बाजूनं बोलणार, हे धरून चाला.

स्लाऊकडून त्या बाजूला जाऊन बघा. औद्योगिक वसाहत, मग घरं, मग घरं. ती थांबतात कुठे? पार्कपाशी. १९३०च्या दशकात चर्चभोवतीची जमीनही घरांखाली जायची वेळ आली होती. ती वाचवली सर नोएल मॉब्स यांनी. गंमत म्हणजे स्लाऊची औद्योगिक वसाहत चालवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष तेच! खाली कारखाने काढले आणि वरचा देखावा राखला. चर्चला लागून स्मृती-उद्यान केलं, अस्थी ठेवायला लहान लहान बागा. पण थडगी, चौथरे, पुतळे नकोत, नुसती बाग. पाहुणेबुवा, पुढच्या खेपेला ते बघा, लोकांना खुलं आहे.

गोल्फ नसता तर तिथे गरिबांना घरं मिळाली असती असं म्हणाल, तर छातीवर हात ठेवून 'हो' म्हणता येत नाही. दोनशे वर्षांचा ओक मात्र नक्की गेला असता. माझ्या पगाराइतकंच तेही खरं.

सायली तळेगाव
२३ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

धाग्यामुळे दोन दिवस वाचत बसले. मधला एक मालक सगळे विसरताय. गोल्फ क्लबच्या आधी ही मिळकत विल्बरफोर्स ब्रायंटकडे होती, १८८७च्या सुमारास घेतलेली. ब्रायंट अँड मे, काड्यापेटीवाले.

आणि १८८८च्या जुलैत लंडनच्या पूर्व भागातल्या त्यांच्याच कारखान्यात बायकांनी आणि पोरींनी संप केला. सुमारे चौदाशे जणी. पांढरा फॉस्फरस हाताळून जबड्याचं हाड कुजायचं, वर बोलल्याबद्दल दंड, उशीर झाल्याबद्दल दंड, पाय मळके असल्याबद्दलसुद्धा दंड. संपाच्या आधी जून महिन्यात ज्या बाईनं कारखान्याच्या दारात उभं राहून पोरींशी बोलून लेख लिहिला, ती कोण? अॅनी बेझंट. होय, आपल्याच. १९१६ साली टिळकांनी एप्रिलमध्ये आणि बेझंटबाईंनी सप्टेंबरमध्ये होमरूल लीग काढली त्या. १९१७ला काँग्रेसच्या अध्यक्ष. शाळेत आपण त्यांना थेट होमरूलमध्येच भेटतो, पांढऱ्या केसांच्या. त्याआधी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या या बाई मला माहीतच नव्हत्या.

दंड रद्द झाले, पोरी जिंकल्या.

अवांतर: ज्या पत्रात लेख आला त्याचं नाव 'द लिंक'. पार थ्री, तुमच्या लिंक्सशी संबंध नाही.

पार थ्री
२३ ऑक्टोबर, रात्री ११.००

सायलीताई, _/\_. मी तिथे तीन चेंडू बुडवले त्याचं दुःख आता कमी झालं.

ब्रायंट कुटुंबाकडून १९०८ साली जागा घेणारा माणूस निक लेन जॅक्सन. त्याला 'पा' म्हणत. त्यानंच १८८२ साली कोरिंथियन नावाचा हौशी फुटबॉल क्लब काढला होता. सभ्य गृहस्थांचा खेळ. पेनल्टी मिळाली तर मुद्दाम बाहेर मारायचे असं सांगतात, कारण समोरच्यानं हेतुपुरस्सर लबाडी केली असेल हे मानणंच असभ्य! त्या माणसाच्या मैदानावर पुढे सिनेमातली सगळ्यात प्रसिद्ध लबाडी चित्रित व्हावी, याला काय म्हणायचं.

स्लाऊचा पाहुणा
२४ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

लबाडीचा तो प्रसंग कुणी नीट सांगेल का? मी लहानपणी पाहिला होता, टोपीनं पुतळ्याचं मुंडकं उडतं एवढंच आठवतं.

आप्पा डोंबिवलीकर
२४ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

हा प्रश्न मला विचारल्याबद्दल आभार.

गोल्डफिंगर खेळतो १ आकडा छापलेल्या चेंडूनं. चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, हरवतो. त्याचा तो काळी हॅटवाला नोकर ऑडजॉब हळूच दुसरा १ नंबर टाकतो आणि 'सापडला' म्हणतो. इकडे मूळ चेंडू बॉन्डच्या बुटाखाली! बॉन्ड बोलत नाही. पुढे होलमधून चेंडू काढून देताना तो १च्या ऐवजी ७ नंबरचा हातात ठेवतो. गोल्डफिंगर बघत नाही, शेवटचा होल त्यानं खेळतो. मग बॉन्ड साळसूदपणे म्हणतो, अरे, हा तर तुमचा चेंडू नव्हे. चुकीचा चेंडू खेळलात, होल गेला, सामना गेला. लबाडाला नियमावर बोट ठेवून मारलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची हीच पद्धत आहे.

टोपी त्यानंतर, क्लबहाउससमोर.

टिळकरोड
५ नोव्हेंबर २०२१, सकाळी ६.५०

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. धागा वर काढतोय, कारण आज बलिप्रतिपदा आहे आणि हे आजच लिहायला हवं.

मालकांची यादी मागे मागे गेली, पण पेनपाशी कुणी थांबलं नाही. ग्रेचं स्मारक उभारणाऱ्या जॉन पेनचे वडील टॉमस पेन. त्यांनी स्टोक १७६० साली घेतलं. टॉमसचे वडील विल्यम पेन, ज्यांच्या घराण्यावरून अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. विल्यमचं नाव तिथल्या मूळ रहिवाशांशी सचोटीनं वागण्यासाठी घेतात. पोरांचं तसं नाही.

१७३७ साल. पेन मंडळींनी तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांपुढे एक जुना कागद ठेवला: अमुक जागेपासून माणूस दीड दिवसात चालत जाईल तेवढी जमीन आमची. लेनापेंना वाटलं, माणूस चालतो कसा? थांबतो, बसतो, चिलीम ओढतो. त्यांनी मान्य केलं. पेन मंडळींनी काय करावं? जंगलातून वाट साफ करून घेतली, तीन दणकट, वेगवान माणसं ठरवली. ती चालली कसली, पळत सुटली. लेनापे मागून ओरडत होते, हे चालणं नव्हे. दोघे वाटेतच गळाले, तिसरा साठ-सत्तर मैल गेला. त्या टोकापासून रेघही आपल्याला सोयीची तिरकी मारली. बारा लाख एकर.

तीन पावलं नाहीत, दीड दिवस. आमच्या आजीनं आज ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हटलं आणि मला पहिल्यांदा लेनापे आठवले.

पुढे अमेरिकेत क्रांती झाली, पेन घराण्याची मालकी गेली, आणि भरपाई म्हणून १ लाख ३० हजार पौंड ठरले. मोठा वाटा जॉनचा. त्यानं तो पांढरा महाल बांधला, जेम्स वायट या वास्तुकाराकडून पुरा करून घेतला. स्मारकही वायटचंच. जॉनला ग्रेची कविता फार प्रिय होती. नाव नसलेल्या, जमीन नसलेल्या माणसांवरची.

सायली तळेगाव
५ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

सकाळी सकाळी फराळाचं ताट हातात घेऊन वाचलं. चकली तशीच राहिली.

गवत्या
५ नोव्हेंबर, रात्री ८.००

आमच्याकडे दिवाळीची सुट्टी नाही, पानं फुंकतोय. टिळकरोड, तुम्ही हे सगळं सांगितल्यावर त्या ब्राउनच्या तळ्याबद्दलही सांगतो: तळं 'ब्राउननं खोदलं' असं मी वर लिहिलं, ते लिहिताना मला काही वाटलं नाही. फावडं त्यानं एकदाही हातात धरलं नसणार.

पार थ्री
५ नोव्हेंबर, रात्री ८.२०

गवत्या, तुम्ही 'ओढा अडवून' लिहिलंय, 'खोदलं' नाही. तेवढं बचावात म्हणू शकता.

आप्पा डोंबिवलीकर
६ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

ताजी खबर. एका वर्तमानपत्रानं छापलं होतं की अंबानी कुटुंब आता थोडे दिवस मुंबईत, थोडे दिवस स्टोक पार्कमध्ये राहणार. व्हॉट्सअॅपवर आमच्या मेव्हण्यानं सामानाची यादीसुद्धा पाठवली. रिलायन्सनं काल पत्रक काढून सांगितलं की लंडनला किंवा जगात कुठेही बिऱ्हाड हलवायचा विचार नाही. वारसा असलेली मिळकत घेतली ती नियम सांभाळून गोल्फ आणि खेळांचं उत्तम रिसॉर्ट करण्यासाठी.

म्हणजे माझी चार पाती कापली जाणार. तीन मिलिमीटरला.

पार थ्री
६ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

ग्रीनवर असतील तर. रफमध्ये असतील तर तुमच्याइतकीच निवांत वाढतील.

पाहुणेबुवा, तो चेंडू कुठल्या नंबरचा आहे? नियमानं तो हद्दीबाहेर गेलेला, म्हणजे मारणाऱ्यानं एक फटका भरून पुन्हा पहिल्या जागेवरून मारला असणार. चेंडूशी त्याचा हिशोब मिटलाय.

स्लाऊचा पाहुणा
७ नोव्हेंबर, रात्री ९.३०

एवढे दिवस तसाच खिडकीत होता. आज धाकटीनं जुन्या टूथब्रशनं घासला. वरची खळगी काळी पडलीत, कंपनीचं नाव पूर्ण उडालंय. आकडा मात्र राहिलाय. १.

आईला व्हिडिओवर दाखवला, बॉन्डची गोष्टही सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे, पुढच्या वेळी जाशील तेव्हा होती तिथे ठेवून ये. धाकटी तयार नाही.

आप्पा डोंबिवलीकर
७ नोव्हेंबर, रात्री ९.३४

ठेवायला जाल तेव्हा झुडपाशी काळी हॅट घातलेला कुणी दिसला, तर मान जरा खाली घालूनच चाला.